दहा मिनिटांची राखण

ढेबेवाडी फाट्यावर वडाप थांबते आणि निम्मी गाडी रिकामी होते. उतरणाऱ्यांच्या हातात कापडी पिशव्या, पिशव्यांत सोनोग्राफीचे लखोटे, जुन्या फायली, भाकरीचा डबा. मलकापुरात हे रोजचंच. महामार्गाच्या कडेला कृष्णा हॉस्पिटलचं मोठं आवार आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेले लहान-मोठे दवाखाने, लॅब, मेडिकल, चहाच्या टपऱ्या. पाटणच्या खोऱ्यातलं दुखणं इथं येतं, वाळवा-शिराळ्याकडचंही येतं. मागे आगाशिवाचा डोंगर, पुढे ट्रकांची रांग.

आम्ही एका बोळातल्या लहान दवाखान्याच्या पायऱ्या चढतो. बाहेरच्या बाकांवर बहुतेक पुरुषच. प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, फाईल पालथी. बायकांच्या दवाखान्यात एव्हाना एकमेकींच्या बाळंतपणाच्या कहाण्या सांगून झाल्या असत्या. इथं शेजारचा शेजाऱ्याला विचारतो, “काय होतंय?” तो म्हणतो, “काय न्हाई, जरा चेकिंग हाय.” दोघेही समोरच्या कॅलेंडरकडे बघू लागतात.

एकटा एक जण मोकळा. चाळिशीचा, ट्रक चालवणारा, खिशाला कंगवा लावलेला. मूतखडा काढल्यावर आत ठेवलेली स्टेंट आज काढायची आहे. “मलकापूरचं नाव सगळीकडं कशापायी झालं? चोवीस तास पान्यापायी. हितल्या नळाला रात्री दोनला बी पानी. आन् माझ्या नळाला बगा, तासाला चार थेंब!” बाक हसतो. हसणं विरतं तसा तोही गप्प होतो आणि मांडी घट्ट आवळून बसतो. भीती त्यालाही आहे.

माझ्यासोबत अण्णा आहेत, माझे चुलते. सत्तरी ओलांडलेले, दोन एकर ऊस, आणि मिसरूड फुटल्यापासून ओढलेली बिडी. काही वर्षांपूर्वी लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. तेव्हा दुसऱ्या एका गावात त्यांची दुर्बिणीने तपासणी झाली होती. पोलादी, सरळ दुर्बीण. जेली लावली आणि लगेच आत. त्यांनी तोंडात टॉवेल धरला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या वेळी काही सापडलं नाही. पण पुढे पुन्हा लघवी लाल झाली तेव्हा अण्णांनी महिनोन्‌महिने कुणाला सांगितलं नाही. “उष्णता हाय, ताक पितो,” म्हणायचे. रक्ताच्या गाठी पडून लघवी तटली तेव्हाच घरात कळलं. मूत्राशयात गाठ होती. कमरेखालची भूल देऊन ती दुर्बिणीतून खरवडून काढली. त्याला आता तीन महिने झाले आणि आज तपासणी आहे.

गाठीची भीती त्यांना नाही. त्यांना भीती आहे त्या नळीची.

डॉक्टर आधी आम्हाला खोलीत बोलावतात. अण्णांना खुर्ची देतात आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे न बसता त्यांच्या शेजारी बसतात. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट बघतात. आत जंतू असतील तर आजची तपासणी पुढे ढकलायची, कारण सुजलेल्या मार्गाला नुसता स्पर्शही झोंबतो आणि वर तापाचा धोका. रिपोर्ट स्वच्छ आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, भुलेच्या इंजेक्शनाने कधी अंगावर पित्त उठलं होतं का, हेही विचारतात.

“मागं लय तरास झालता,” अण्णा जमिनीकडे बघत म्हणतात.

“झाला असणार. सरळ दुर्बीण होती ना?”

“सळईच की वं ती.”

डॉक्टर कागदावर एक आकृती काढतात. बाईच्या लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, जवळजवळ सरळ. पुरुषाचा अठरा-वीस सेंटिमीटर, आणि वाटेत वळणं. शेवटाला एक स्नायूचं कडं, जे आपण लघवी रोखून धरताना आवळतो. त्याच्या पलीकडे प्रोस्टेट. “सगळ्यात जास्त दुखतं ते इथं,” पेनाचं टोक कड्यावर ठेवून ते म्हणतात. “घाबरला माणूस की हे कडं आवळतो. आवळलं की दुर्बीण अडते. अडली की दुखतं. दुखलं की आणखी आवळतो. आज वाकणारी दुर्बीण आहे, साधारण पाच मिलीमीटर जाडीची. ती वळणावर वळते. पण ती कितीही चांगली असली तरी हे कडं तुम्हीच सैल सोडायचंय.”

अण्णा आकृतीकडे बराच वेळ बघतात. एवढ्या वर्षांत त्यांना ही वाट कुणी दाखवली नव्हती.

वाकणारी दुर्बीण महाग असते, नाजूक असते, दुरुस्तीला गेली की खिसा मोकळा करते. म्हणून पुष्कळ ठिकाणी अजून पोलादीवरच काम चालतं. काही वेळा तिची गरजही असते, विशेषतः आत काही कापायचं असेल तर. पण तेव्हा माणसाला भूल दिलेली असते. जागेपणी नुसतं बघायचं असेल तर पुरुषाला वाकणारी सोसते.

आत खोली लहान, स्वच्छ. दोन टेबलं, मध्ये जाड पडदा. भिंतीवर मोठं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा लाल. कोपऱ्यात छोटा फ्रीज. दुर्बिणीला जोडलेला पडदा अशा बाजूला वळवलाय की झोपलेल्या माणसाला तो दिसावा. वर स्टँडला सलाइनची पिशवी. पडद्याच्या या बाजूला टेक्निशियन एकटाच. येणारे सगळे त्याला दादा म्हणतात, त्याच्याहून दुप्पट वयाचेसुद्धा. सिस्टर दारापाशी ट्रे ठेवून बाहेर जाते आणि दार लोटून घेते. कडी लागल्याचा आवाज अण्णांना ऐकू येतो. त्यांचे खांदे थोडे खाली येतात.

“लघवीला जाऊन आलायसा न्हवं, अण्णा?”

“व्हय.”

“मग झोपा. पाय टांगायचे न्हाईत, निस्तं सरळ झोपायचं. पायजमा एवढाच खाली. बाकी चादर हाय.”

दादा हिरवी चादर छातीपासून गुडघ्यापर्यंत पसरतो आणि लागेल तेवढीच जागा उघडी ठेवतो. मला डोक्याच्या बाजूला स्टूल देतो. “हात धरा त्यांचा. आन् बोलत ऱ्हावा. काय बी बोला.”

मग तो फ्रीज उघडून पिचकारी काढतो. आत दोन टक्क्यांची लिग्नोकेनची जेली, पाण्यासारखी पारदर्शक. पिचकारीला सुई नाही, शंकूसारखं बोथट टोक आहे. जेली थंड कशाला, असं मी विचारतो. हे औषध बधिर करण्याआधी स्वतः क्षणभर चुरचुरतं, गार असलं की चुरचुर कमी होते, दादा सांगतो. टोक लघवीच्या तोंडाशी टेकवून तो दांडा दाबू लागतो, अगदी हळू. ओठांतल्या ओठांत आकडे मोजतोय. झटक्यात दाबली तर मार्ग एकदम ताणतो आणि ती कळ दुर्बिणीच्या आधीच बसते. त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलंय, पण दांडा मुंगीच्या पावलाने सरकतोय. अण्णांचा हात माझ्या हातात घट्ट होतो, मग सैल होतो.

“गार हाय,” ते म्हणतात. जरा चकित होऊनच.

जेली आत गेल्यावर दादा फोम लावलेला हलका चिमटा बाहेरून लावतो. नाहीतर सगळी जेली चादरीवर. मग घड्याळाकडे बघतो आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर वेळ लिहितो. दहा वाजून बारा मिनिटं. खाली दुसरी वेळ. दहा बावीस.

इथून पुढे काही घडत नाही, आणि दुखणं कमी होतं ते नेमकं इथेच. लिग्नोकेन आतल्या अस्तरात मुरायला वेळ लागतो. जेली लावली आणि लगोलग दुर्बीण घातली तर ते निव्वळ वंगण झालं. बधिर करणारी जेली आणि साधी चिकट जेली यांत रुग्णाला फारसा फरक पडत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. फरक पडतो, असंही काहींत दिसलं. तज्ज्ञांत यावर अजून एकमत नाही. पण इथले डॉक्टर म्हणतात, औषधाला वेळच दिला नाही तर औषधाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वेळच तर कुणाकडे नसतो. बाहेर पंधरा माणसं बसलेली. प्रत्येकाला दहा मिनिटं नुसतं झोपवून ठेवायचं म्हणजे दुपार होईल, हे गणित सरळ दिसतं. त्यावर इथं काढलेला तोडगा म्हणजे ही दोन टेबलं. अण्णा जेली घेऊन पडलेत तोवर पडद्यापलीकडे दुसऱ्याचं काम चाललंय. आधीच्या माणसाला वापरलेली दुर्बीण धुऊन जंतुनाशक द्रावात बुडवून ठेवावीच लागते, तोही वेळ यातच बसतो. म्हणजे दहा मिनिटं वाया जात नाहीत. फक्त ती कुणीतरी राखावी लागतात.

पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज येतो. तिथं कुणाची तरी प्रोस्टेटची बोटाने तपासणी आहे. “डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी घ्या. आधी मी नुसतं बोट टेकवणार आहे, आत घालणार नाही. आता तोंडाने श्वास सोडा. लांब.” भरपूर जेली, बाहेरच्या कड्यावर क्षणभर दाब, कडं सैल पडेपर्यंत थांबणं. अर्ध्या मिनिटात काम संपतं. “एवढंच?” पलीकडचा माणूस विचारतो. त्याला बायोप्सी लागली तर त्या वेळी सोनोग्राफीत बघून प्रोस्टेटच्या कडेच्या नसांजवळ भुलेचं इंजेक्शन देतील, असं डॉक्टर त्याला सांगताहेत. पूर्वी तेही देत नसत. सुया तशाच मारायच्या आणि पुरुषाने सोसायच्या.

“बोला की,” दादा मला खुणावतो.

मी अण्णांना सांगू लागतो, की ही दुर्बीण पहिल्यांदा निट्झे नावाच्या जर्मन डॉक्टरने केली, १८७७ ते १८७९ च्या सुमाराला. तेव्हा आजच्यासारखा दिवा नव्हता. टोकाला प्लॅटिनमची तार, ती विजेने तापवायची आणि उजेड पाडायचा. तार तापून आतून भाजू नये म्हणून भोवती सतत गार पाणी खेळवायचं.

“तापल्याली तार?” अण्णा मान उचलतात. “आत?”

“आत.”

“आन् भूल?”

“तेव्हा जागेवरच्या भुलेचं औषध कुणाला सापडलंच नव्हतं. कोकेनने डोळा बधिर होतो, हे कळलं १८८४ साली. आणि आज तुम्हाला दिलंय ते औषध स्वीडनमध्ये लोफग्रेन नावाच्या माणसाने १९४३ च्या आसपास तयार केलं. त्याच्या जोडीदाराने ते स्वतःवरच टोचून पाहिलं होतं.”

“शाना म्हनायचा. आधी सोताला, मग दुसऱ्याला.”

“आपल्याकडे त्याच्याही आधी सुश्रुताने लिहून ठेवलंय. तोंड आवळलं असेल तर दोन्ही बाजूंनी उघडी नळी घालायची. लोखंडाची, लाकडाची, नाहीतर लाखेची. आणि ती तुपाने माखून घालायची. दर तीन दिवसांनी जरा जास्त जाडीची.”

“तुपानं!” अण्णांना हे मनापासून पटतं. “आन् तीन दिवस थांबायचा. म्हंजे त्येला घाई नव्हती.”

मला वाटलं होतं तेवढी गोष्ट लांबत नाही, पण अण्णा आता प्रश्न विचारताहेत. तारेची वीज कुठून यायची, लाख आत विरघळत नसेल काय. गप्पांत मन गुंतलं की तेवढाच दुखण्याचा भार हलका होतो. काही ठिकाणी यासाठी संगीत लावतात, काही ठिकाणी मुठीत रबरी चेंडू देतात. मलकापुरात सुश्रुतावर भागतंय.

पडदा सरकतो. डॉक्टर हातमोजे बदलून उभे आहेत. पलीकडचं काम लवकर आटपलं. “चला अण्णा, घेऊया का?”

दादा जागचा हलत नाही. “अजून चार मिनिटं, सर.”

डॉक्टर घड्याळाकडे बघतात, फळ्यावरच्या आकड्याकडे बघतात. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक करतंय. क्षणभर खोलीत पेच पडल्यासारखं होतं. टेक्निशियनने डॉक्टरांना थांबवायचं, हे आपल्या दवाखान्यांत सहसा होत नाही. डॉक्टर मान हलवतात. “बरोबर आहे,” म्हणतात आणि मागे जाऊन फाईल लिहायला घेतात. दादा पुन्हा फ्रीजला टेकून उभा राहतो. उभ्या पिकाची राखण करणारा माणूस असा उभा असतो. पाखरू कुठलंही असो, बसू द्यायचं नाही.

दहा बावीस. चिमटा निघतो.

“अण्णा, पडद्याकडं बघा,” डॉक्टर म्हणतात. “तुमचीच वाट आहे. मी सांगेन तसं.”

दुर्बिणीचं टोक आत जातं. पडद्यावर गुलाबी बोगदा उजळतो, ओला, चकचकीत. पाणी पुढे आणि दुर्बीण मागे, असं चाललंय. अण्णा डोळे विस्फारून बघताहेत. “दुखतंय का?” डॉक्टर विचारतात.

“न्हाई, काय न्हाई.”

दादा अण्णांच्या तोंडाकडे बघत नाही. तो टेबलाच्या खालच्या टोकाशी उभा राहून चादरीबाहेर आलेल्या पावलांकडे बघतोय. शेतात फाटलेल्या टाचा, वाकडी झालेली करंगळी. दोन्ही अंगठे आत वळलेत आणि बोटं एकमेकांवर चढलीत. “सर, बोटं,” तो हळूच म्हणतो. डॉक्टर हात थांबवतात. दुर्बीण आहे तिथं राहते.

पुरुषाला दुखतंय का विचारलं की तो नाही म्हणतो. इथं दिवसभर तेच उत्तर येतं. शून्य ते दहात आकडा सांगा म्हटलं की पैलवान दोन सांगतो आणि मास्तर तीन. पायाच्या बोटांना मात्र लाज नसते.

“अण्णा, पायाची बोटं हलवा बघू,” दादा म्हणतो. “वर, खाली. हां. हलवत ऱ्हावा.” बोटं हलू लागतात. बोटांकडे लक्ष गेलं की ओटीपोट तेवढं आवळून धरलं जात नाही.

पडद्यावर आता ते कडं आलंय. आकृतीतलं. मिटलेलं, चुण्या पडलेलं. दादा स्टँडकडे जातो, सलाइनची पिशवी दोन्ही तळहातांत धरतो आणि डॉक्टरांकडे बघतो.

“अण्णा, आता लघवी करायचा प्रयत्न करा. खरंच करायची आहे असं समजून. लाज धरू नका, सांडलं तर सांडलं.”

“हितं?”

“इथंच.”

डॉक्टर मान हलवतात आणि दादा पिशवी दाबतो. पाण्याचा जोर वाढतो. पडद्यावर मिटलेलं कडं थरथरतं, आणि मग अचानक, कुणी ढकलल्याशिवाय, उघडतं. दुर्बीण त्या पाण्यामागून आत सरकते. सगळं मिळून चार-पाच सेकंद. दादा पिशवी सोडून देतो.

ही युक्ती फुकटातली. इंग्लंडमधल्या सर्जनांनी २००८ मध्ये तिचा रीतसर अभ्यास छापला. काही पुरुषांत पिशवी नुसती टांगलेली, काहींत कड्यापाशी आल्यावर दाबलेली. पिशवी दाबली त्यांना दुखणं स्पष्टपणे कमी झालं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, दोन रिकामे हात पुरतात. पण ते हात खोलीत हवेत आणि योग्य क्षणी हलायला हवेत.

“ग्येली?” अण्णा विचारतात.

“गेली.”

“मागं हितंच मेलो हुतो मी.”

पडद्यावर प्रोस्टेटचे दोन भाग दोन्ही बाजूंनी फुगून येतात, मधून वाट काढत दुर्बीण मूत्राशयात उतरते. जागा एकदम मोकळी होते. डॉक्टर सावकाश फिरवून दाखवताहेत. डाव्या भिंतीवर पांढुरकी खूण, तीन महिन्यांपूर्वी गाठ खरवडली ती जागा. भोवती सगळं गुळगुळीत. खाली एक बारीक फट दिसते, ती क्षणभर उघडते आणि आतून पाण्याची चिळकांडी उडून जाते.

“ह्ये काय?”

“किडनीतून लघवी आली. डाव्या. ही बघा, आता उजव्या.”

“माजीच?”

“तुमचीच. चालू कारखाना आहे.”

अण्णा हसतात. दुर्बीण आत असताना माणूस हसतो, हे मी पहिल्यांदा बघतोय. पोट हलतं तसा पडदाही हलतो. “हसू नका, फोटो काढायचाय,” डॉक्टर म्हणतात आणि स्वतःही हसतात.

ज्यांना बघायचं नसतं त्यांना इथं सक्ती नाही. काहींना पडदा बघून भोवळ येते. त्यांच्यासाठी तो वळवतात. पण बरेच पुरुष बघतात. अंधारात आपल्या अंगाशी कुणी काय करतंय हे न कळण्यानेच निम्मी भीती वाढते. वाट दिसली की पुढचा धक्का कुठं आहे तेही कळतं, आणि अंग त्यासाठी आवळून बसत नाही.

दुर्बीण बाहेर निघते. दादा ओल्या कापडाने जेली पुसतो, चादर वर ओढतो, मगच पायजम्याची नाडी अण्णांच्या हातात देतो. दार अजून बंदच आहे.

“किती दुखलं? खरं सांगा.”

अण्णा विचार करतात. “तिथं कड्यापाशी जरा झालं. भाजल्यागत. बाकी निस्तं लघवीला लागल्यागत.” मग थोडं थांबून, “चार म्हना.”

दादा फाईलीवर चार लिहितो. मागच्या वेळचा आकडा कुठल्याच फाईलीवर नाही. त्या वेळी कुणी विचारला नव्हता.

बाहेरच्या खोलीत डॉक्टर समजावून सांगतात. आजचा दिवस पाणी भरपूर प्यायचं. एक-दोन दिवस लघवीला जळजळेल, पहिल्या एक-दोन वेळा गुलाबी होईल, त्याला घाबरायचं नाही. कोमट पाण्यात बसलं तर बरं वाटेल. पण थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या, किंवा लघवी तटली, तर रात्र असो की पाऊस, थेट यायचं. आणि बिडी. बिडीचं नाव निघताच अण्णा खिडकीबाहेर बघतात. धुरातलं विष रक्तातून किडनीत आणि लघवीवाटे मूत्राशयात येऊन तिथं तासन्‌तास साठून राहतं, म्हणून ओढणाऱ्यांना ही गाठ जास्त होते, हे डॉक्टर आधीही सांगून चुकलेत. आज पुन्हा सांगतात.

“आता कदी यायचं?”

“तीन महिन्यांनी. ह्या गाठीची खोड वाईट. काढली तरी पुन्हा उगवते. लहान असताना सापडली तर तिथल्या तिथं काढता येते. म्हणून दुर्बिणीने बघत राहायचं, वर्षानुवर्षं.”

मूत्राशयाच्या गाठीचा माणूस एका तपासणीने सुटत नाही, त्याला परत परत यावं लागतं. एक तपासणी घाईत झाली, दुखली, त्याची कुणी विचारपूस केली नाही, की तो पुढच्या तारखेला ऊसतोड सांगतो, लग्न सांगतो, पाऊस सांगतो. घरच्यांना तो कारणं सांगतो आणि आत गाठ वाढत राहते. अण्णांना रक्ताला ‘उष्णता’ म्हणायला लावलं ते अडाणीपणाने नाही. आधीच्या एका तपासणीत जेलीला जे थांबू दिलं नाही, त्यानं लावलं. एक पिचकारी, एक चिमटा, भिंतीवरचं घड्याळ, दोन मोकळे हात आणि दार बंद करायची आठवण, एवढ्यात काम भागतं. यातलं काहीच महाग नाही. महाग आहे ती फक्त सवय.

“ईन की,” अण्णा म्हणतात. तारीख स्वतःच्या हाताने मोबाइलच्या कव्हरात मागे खोचून ठेवतात.

बाकावर मधली माणसं बदललीत, ट्रकवाला अजून तिथंच आहे. पुढचा नंबर त्याचा. त्याने अण्णांना आत जाताना पाहिलं होतं, आता चालत बाहेर येताना बघतो. “काय वं, आण्णा? लय झालं का?”

मला वाटतं, अण्णा म्हणणार, काय न्हाई, जरा चेकिंग. पण ते त्याच्या शेजारी बसतात, फाईल मांडीवर सुलटी ठेवतात आणि सुरू होतात. गार जेली, चिमटा, दादाने डॉक्टरला कसं थोपवून धरलं, पिशवी, पडद्यावरची चिळकांडी. आवाज चढतो. बाकावरची माणसं सरकून जवळ येतात. एक जण विचारतो, लघवी करायला सांगतात म्हणजे काय. दुसरा विचारतो, सोबत कुणाला आत घेतात का. तिसरा, आतापर्यंत कॅलेंडरकडे बघणारा, म्हणतो, “मला तर मागल्या टायमाला जेली लावल्या लावल्या घातली हुती.” कुणीतरी म्हणतं, “मलाबी.” मग आणखी एक.

दार उघडतं. दादा यादीतलं नाव घेतो. ट्रकवाला उठतो, कंगवा खिशात नीट खोचतो.

“दादा, स्टेंट काढायला बी जेली लावत्यात न्हवं?”

“लावत्यात की.”

“मग माझी बी धा मिन्टं मोजायची. मधी कोन बी आलं तरी.”

“मोजतो. आधी लघवीला जाऊन या.”